तिकिटाचे पैसे आधी कोण भरणार?

शाश्वत उत्पादन म्हणजे कमी ऊर्जा, कमी कच्चा माल आणि कमी कचरा यांत वस्तू बनवणं, जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणं, हे आपण या मालेत पाहत आलो आहोत. आज या विद्येच्या परिषदांना कोण पोचतं आणि कोण पोचत नाही, ते पाहू.

या क्षेत्राची जागतिक परिषद 2016 साली दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशला झाली, 2018 साली अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला. जीवनचक्र अभियांत्रिकीची परिषद 2023 मध्ये न्यू जर्सीत भरली, 2024 मध्ये इटलीत तुरिनला. शोधनिबंध नंतर घरबसल्या वाचता येतो, हे खरं. पण पुढची नोकरी कुणाच्या प्रयोगशाळेत, प्रयोगासाठी कुठला कारखाना दार उघडेल, हे बघा, बऱ्याचदा चहाच्या सुट्टीत ठरतं. तिथं जो नाही, त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

अमेरिकेनं यावर काढलेला उपाय म्हणजे प्रवासवृत्ती. नॅशनल सायन्स फाउंडेशन आयोजकांना अनुदान देतं, आयोजक विद्यार्थ्यांना वाटतात. स्त्रिया, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी आणि अपंग संशोधकांनी अर्ज करावेत, असं आवर्जून सांगितलं जात असे. हेतू चांगलाच आहे. आमचा आक्षेप रचनेवर आहे.

पहिली गोष्ट, पैसे बहुधा नंतर मिळतात. तिकीट, हॉटेल, नोंदणी हे सगळं विद्यार्थ्यानं आधी भरायचं, मग पावत्या जोडायच्या. शिवाय सरकारी पैसा असला की विमान शक्यतो अमेरिकी कंपनीचं, असा कायदाच आहे. म्हणजे सगळ्यांत स्वस्त तिकीट चालेलच असं नाही. महिना दोन महिने एवढी रक्कम अडकवून ठेवणं ज्याला जमतं, त्याला मदतीची गरज तुलनेनं कमी. ज्याच्यासाठी योजना केली, तोच उंबऱ्यावर अडखळतो.

दुसरी, वृत्तीसाठी बहुतेक वेळा निबंध आधी स्वीकारला गेलेला लागतो. लहान विद्यापीठात ना यंत्रं, ना वेळ असलेला मार्गदर्शक. तिथं निबंध तयार होण्याआधीच गाडी चुकते. मग वृत्ती दार उघडत नाही, आत आलेल्यांना फक्त बसायला खुर्ची देते.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची. मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून, घरात पहिल्यांदाच शिकलेली मुलगी अमेरिकेत पीएचडी करते आहे असं समजा. तिथल्या रकान्यात ती 'आशियाई', आणि अभियांत्रिकीत आशियाईंची संख्या कमी मानत नाहीत. जात, जिल्हा, घरची पहिली पिढी यांना रकानाच नाही. तुरिनला जायचं तर शेंगेन व्हिसा. आणि अमेरिकेचा शिक्का संपला असेल तर परतण्याआधी तोही नवा काढायचा. तिथले रकाने तिथल्या इतिहासातून आले, ते त्यांच्यासाठी योग्यच आहेत. पण आपल्या संस्थांनी उद्या तोच अर्ज मराठीत उतरवला, तर ती आपली चूक ठरेल.

कुणी म्हणेल, पर्यावरणाच्या परिषदेसाठी विमानप्रवास वाढवायचा? प्रश्न रास्त आहे. पण वर्षाला चार परिषदा करणाऱ्यानं आधी दोन कमी कराव्यात. पहिल्यांदा निघालेल्याच्या तिकिटावर काटकसर कशाला?

आणि ही दया नव्हे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतली वापरलेली वाळू कुठं जाते, धारावीत प्लास्टिक कसं निवडतात, हे बघत मोठं झालेलं माणूस वेगळे प्रश्न विचारतं. ते सभागृहात नसेल, तर नुकसान विद्येचं आहे.

एप्रिल 2025 मध्ये याच फाउंडेशननं विविधता आणि समावेशाशी जोडलेली शेकडो अनुदानं रद्द केली. वरच्या मर्जीवर टेकलेली मदत कशी एका फटक्यात जाते, ते दिसलं. म्हणून ही तरतूद परिषदेच्या स्वतःच्या हिशोबात हवी: प्राध्यापकांची नोंदणी थोडी महाग, त्यातून नवख्यांची तिकिटं आयोजकांनीच आधी काढायची, आणि निबंध नसलेल्यांसाठीही काही जागा राखायच्या.

आपण अहवालात किती जण आले तेवढं मोजतो. त्यातले किती पुढच्या वर्षी पुन्हा आले, हे मोजू या. आता प्रश्न घेऊ.