पिन कोडची गाणी

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा १९९० च्या सोलापूर संमेलनापासून कथा, कविता आणि आत्मकथन याच वाटांनी अधिक झाली. गाणे त्या चर्चेत आले तर शाहिरीच्या नाहीतर कव्वालीच्या निमित्ताने. मुंबईच्या मोहल्ल्यांतली पोरे रॅप लिहू लागली तेव्हा वृत्तपत्रांनी ते मनोरंजनाच्या पानावर टाकले आणि घरातल्या बुजुर्गांनी ‘हराम’ म्हणून विषय मिटवला. आम्हाला हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात. हे आधी लेखन आहे, गाणे नंतर. संगीत हलाल की हराम हा वाद उलेमांत जुना आहे, तो इथे सुटणार नाही. पण उरुसात पहाटेपर्यंत कव्वाली ऐकणाऱ्याने रॅपचे नाव काढताच कानावर हात ठेवावेत, हे काही पटत नाही.

कुर्ल्याच्या नावेद शेखचे, म्हणजे नेझीचे ‘आफत’ २०१४ मध्ये आले. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर त्याने ते तयार केले. ना कंपनी, ना स्टुडिओ. त्याच्यावरच्या माहितीपटाचे नाव ‘बॉम्बे ७०’. कुर्ल्याचा पिन कोड ४०००७०, त्यातला हा ७०. धारावीची पोरे स्वतःला ‘१७’ म्हणवतात, अंधेरीचा डिव्हाईन ‘५९’ सांगतो. ज्या पत्त्यावरून नोकरीचा अर्ज बाजूला पडतो, घर भाड्याने मिळत नाही, तोच पत्ता ही मुले छातीवर मिरवतात. दलित कवितेने वस्तीचे नाव असेच उघड घेतले होते. आमच्या कवितेत मोहल्ला येतो तो बहुधा दंगलीनंतरचा, जळालेला. इथे तो नाक्यावर उभा असतो, चहा पितो, टवाळी करतो, पोलिसाच्या गाडीकडे तिरके बघतो. हा फरक आम्हाला मोलाचा वाटतो.

मुंबईत स्वतंत्र संगीताला जागा नव्हती असे नाही. धोबी तलावच्या रंगभवनात रॉक गाजला, पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेल्याने तिथला आवाज थांबला. २००७ मध्ये लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा क्लब निघाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. तिथे उत्तम संगीत झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गिरणगावातल्या ज्या कामगारांसाठी बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ आणि गवाणकरांसोबत डफ घेऊन उभे राहिले, त्याच गिरणगावात आता तिकीट आणि दारूचा पेला यांच्याशिवाय गाणे ऐकता येईना. कुर्ल्याच्या पोराला ते तिकीट परवडणारे नव्हते, आणि दारूच्या टेबलापाशी बसणे त्याच्या अम्मीला कसे चालावे? म्हणून त्याचा अड्डा वेगळा. बांद्र्याच्या कार्टर रोडवर, बागेत, टपरीपाशी घोळका करून एकामागून एक बोलायचे. याला ही मुले सायफर म्हणतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला ते परके वाटायचे कारण नाही.

यानंतर २०१९ मध्ये झोया अख्तरचा ‘गली बॉय’ आला. डिव्हाईन आणि नेझी यांच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेतलेला हा चित्रपट चांगलाच आहे. विजय मौर्य यांचे संवाद नाक्यावर ऐकू यावेत तसे आहेत. हिजाब घालणारी, डॉक्टर होऊ पाहणारी, वेळ पडली तर बाटली डोक्यात घालणारी सफीना हिंदी पडद्यावर विरळाच. परदेशी पाहुणे झोपडी बघायला येतात तो प्रसंग तर दिग्दर्शिकेने स्वतःच्या कॅमेऱ्यावरच उलटवला आहे. तरीही मुस्लिम घर दाखवायचे म्हटले की बाप दुसरी बायको आणतो, मारझोड करतो, हा साचा इथेही सुटला नाही. अशी घरे नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण आयपॅड आणून देणारा बाप खऱ्या गोष्टीत होता. तो पटकथेत का मावला नाही?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खऱ्या गल्लीत क्रू असतो, टोळके असते. चित्रपटात एकटा मुराद वर जातो. त्याचा उस्ताद एमसी शेर याचे खरे नाव श्रीकांत भोसले. भोसले आणि मुराद ही जोडी मुंबईची खरी जोडी आहे, आणि तिच्यावरच एक वेगळा चित्रपट होऊ शकला असता. शेवट मात्र एकट्याच्या टाळ्यांवर होतो.

राहता राहिली भाषा. ही गाणी मराठीत नाहीत, मग मुस्लिम मराठी वार्षिकात त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांच्या बंबैयातून ‘शाणा’, ‘फुकट’, ‘वाट लावणे’ काढून टाका आणि काय उरते ते पाहा. धारावीच्या डोपेडेलिक्ससारख्या गटात हिंदी, तमिळ आणि मराठी एकाच दमात येतात. ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये आरेतल्या आदिवासींचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. मुस्लिम पोराच्या गाण्यात मराठी येते ती अशी, शेजाऱ्याच्या कडव्यातून. ती त्याच्या स्वतःच्या कडव्यात का येत नाही, हा प्रश्न आम्हाला छळतो. शाळेत तो मराठी शिकला, बसमध्ये आणि रेशनच्या रांगेत रोज बोलतो. कुर्ला-मुंब्र्यातल्या कोकणी मुसलमानाच्या घरात तर दादी कोकणी बोलीतच रागावते. लिहायला बसल्यावर मात्र ही भाषा आपली नाही, असे त्याला कोणी सांगितले? सांगणारे दोन्ही बाजूंना आहेत. मराठीचा ठेका घेतलेले एका बाजूला, आणि उर्दू हीच दीनची जबान असे बजावणारे दुसऱ्या. अमर शेखांना या दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नव्हते.