डेम्लो संख्या : नवल कुठे मोडते?

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना एका रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. गणितगमतींच्या लेखांत ही संख्या हमखास भेटते. पण ‘किती सुंदर!’ म्हटले की विषय संपतो. आक्षेप आहे तो इथेच.

हार्डी यांनी १९४० साली अशा अंकगुणांना गौण ठरवले. ८७१२ ही तिच्याच उलट्या २१७८ ची चौपट आहे, हे खरे. पण त्यातून व्यापक असे काही निघत नाही, हा त्यांचा मुद्दा. डेम्लोलाही तोच न्याय लावावा का? गुणाकार मांडून पाहा. एकेक घर सरकलेल्या नऊ ओळी; मधल्या स्तंभात नऊ वेळा १, दोन्ही बाजूंना एकेक कमी. कुठेच हातचा येत नाही, म्हणून नक्षी टिकते. दहा वेळा १ घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. पाया आठ घेतला तर नक्षी सात एकांपर्यंतच चालते. म्हणजे हे नवल दहाचे नाही, स्थानमूल्याचे आहे. हार्डींचा आक्षेप इथे पुरता लागू पडत नाही.

साध्या कॅलक्युलेटरवर सतरा अंक मावत नाहीत. गोंडपिपरीच्या वर्गात पाटी-पेन्सिल पुरेल. मुलांकडून संख्या पाठ करून घेऊ नये. ती कुठे मोडते ते त्यांना शोधू द्यावे.