मल्लखांब: निकालापलीकडचे गुण

फेब्रुवारी 2019 मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. 15 देशांचे खेळाडू आले. सांघिक विजेतेपद भारताचे, सिंगापूर दुसरे, मलेशिया तिसरे. वैयक्तिक विजेतेपदे दीपक शिंदे आणि हिमानी परब यांची. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत अंतर इतके होते की चुरस अशी नव्हतीच. तरीही ती स्पर्धा मोठी होती. जर्मनी, जपान, अमेरिकेतली माणसे एरंडेल लावलेल्या खांबाला अढी घालत होती, आणि त्यामागे उदय देशपांडे यांच्यासारख्या शिक्षकांनी अनेक वर्षे देशोदेशी घेतलेले वर्ग होते. देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ती अगदी योग्य हाती गेली.

जागतिक विजेतेपदाच्या आनंदात या कलेची प्रकृती मात्र कुणी नीट तपासत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले ते कुस्तीसाठी. खांब म्हणजे न थकणारा जोडीदार. पुढे आखाड्याची गरज ओसरली आणि दसरंग, सुईदोरा, वेल, ताजवे ही खांबावरची कौशल्ये स्वतंत्र पाहण्याची गोष्ट झाली. स्पर्धेने तिला सुमारे दीड मिनिटाच्या संचात बसवले. त्या दीड मिनिटात आजचे खेळाडू जे करतात ते थक्क करणारे आहे, पण मला त्यात घाई जास्त दिसते. अवघड उडीनंतर लगेच दुसरी अवघड पकड. आसन पूर्ण लागते न लागते तोच ते सुटते.

दोरीच्या मल्लखांबात हे नुकसान जास्त जाणवते. तिथे गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात दोरी धरून तिढी घालायची, मग अंगाभोवती फिरणाऱ्या दोरीतूनच आसन उभे राहते. सौंदर्य त्या गुंफणीत आहे. परीक्षकाने फक्त शेवटचा आकार मोजला, तर शिक्षकही तेवढाच शिकवणार.

फिगर स्केटिंग या वाटेवरून आधी गेले आहे. बर्फावर ठरावीक आकृत्या काटेकोर कोरणे हा कधीकाळी त्या खेळाचा कणा होता. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून त्या गेल्या आणि सरावातूनही जवळजवळ संपल्या. 2002 च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमधल्या परीक्षणाच्या वादानंतर गुणपद्धती बदलली. उड्या-गिरक्यांचे गुण वेगळे, रचना-सादरीकरणाचे वेगळे. आज स्केटर इलिया मालिनिन हवेत साडेचार फेऱ्यांची उडी घेतो तेव्हाही तिच्या मागेपुढे काय होते याची दखल कागदावर उतरते. तिथला वाद मिटलेला नाही, पण निदान तो उघडपणे चालतो. आपल्याकडे निकालपत्र लागते आणि चर्चा संपते.

पुरस्कारांची उपेक्षा आता राहिलेली नाही. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाले, 2022 मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब आला. मात्र राज्य खेळाचा दर्जा 2013 मध्येच दिला तो मध्य प्रदेशाने. आणि 2023 मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले छत्तीसगडच्या अबूझमाडमधल्या मल्लखांब करणाऱ्या मुलांनी. त्यांचे मनोरे पाहिल्यावर महाराष्ट्राने आपल्या नकाशाकडे पाहायला हवे. दादर, पार्ले, पुणे, सातारा, अमरावती ही नावे आपण पुन्हा पुन्हा घेतो. वेल्ह्यातल्या पासलीसारखी डोंगराळ गावे त्यात येत नाहीत. खरे तर दोरीच्या मल्लखांबाला मजबूत आधार, चांगली सुती दोरी, खाली गादी एवढेच साहित्य लागते. अडतो तो शिक्षक. जागतिक स्पर्धेसाठी पैसा उभा राहतो, त्यातला काही भाग तालुक्याच्या शाळेत आठवड्याला दोनदा पोहोचणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठी बाजूला काढता येईल. आणि परीक्षकांच्या तक्त्यात आसन किती स्थिर राहिले, दोरी किती सलग फिरली, यासाठी वेगळा रकाना हवा, पुढच्या जागतिक स्पर्धेच्या आधी.