पाठ्यपुस्तकें आणि पुराव्याची मागणी

लातुरांत काय किंवा नांदेडांत काय, सराव-पुस्तकांच्या व शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींत गुणवंत विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें आणि त्यांचे गुण ठळकपणें छापलेले असतात. पुस्तक उत्तम असल्याचा हाच पुरावा, असा एकंदर आविर्भाव असतो. आमच्या मतें हा पुरावाच नव्हे. मुळांत हुशार मुलें निवडून घेतलीं, शिक्षकांनीं त्यांजकडून रात्रंदिवस सराव करून घेतला, आणि यश आलें; त्यांत पुस्तकाचा वांटा किती, हें कोणीं मोजलें? तेंच पुस्तक वाचून जीं अनुत्तीर्ण झालीं त्यांचीं छायाचित्रें कोठें लावलीं आहेत? लातूर पॅटर्नचें यश आम्ही नाकारीत नाहीं. तें प्रत्येक प्रकाशकाच्या खातीं जमा करण्यास मात्र आमची हरकत आहे.

खासगी प्रकाशकांस एवढें सुनावल्यावर सरकारी मंडळास सोडून देणें न्यायाचें होणार नाहीं. १९६७ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या बालभारतीच्या पूर्ण नांवांत पाठ्यपुस्तक निर्मितीच्या जोडीस 'अभ्यासक्रम संशोधन' हे शब्द आहेत. २०१९ सालीं तिच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस'च्या जोडीनें 'वीस एक' असें संख्यावाचन आलें आणि महाराष्ट्रांत गदारोळ उठला. विधानसभेंत थट्टा झाली, वृत्तपत्रांतून भाषेची चिंता वाहिली गेली. गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांचें म्हणणें असें कीं, मराठींत एकक आधीं बोलला जातो व दशक मागून, लिहितांना क्रम उलटा. त्यामुळें, आणि जोडाक्षरांमुळें, मूल अडखळतें. विचार आम्हांस पटण्याजोगा वाटतो. पण पटणें वेगळें आणि पडताळणें वेगळें. विरोधकांनीं परंपरा सांगितली, समर्थकांनीं तर्क सांगितला. कांहीं शाळांत जुनी रीत, कांहींत नवी, आणि वर्षअखेर दोहोंची सारखी परीक्षा, ही साधी मागणी त्या कोलाहलांत आमच्या तरी कानीं आली नाहीं.

वास्तविक ह्या पडताळ्यास नांदेड-लातूरसारखी भूमि शोधून सापडणार नाहीं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगु कानीं पडते, उदगीरच्या सीमेवर कानडी. तेलुगूंत 'इरवै ओकटि', कानडींत 'इप्पत्तोंदु'; दोहोंतही वीस आधीं, एक मागून. घरीं हा क्रम ऐकणारें आणि शाळेंत 'एकवीस' लिहिणारें मूल अधिक चुकतें कीं कमी, एवढें जरी नीट पाहिलें तरी वादाचें निम्में धुकें विरेल.

केवळ कायदा करून भागत नाहीं, हेंही खरें. अमेरिकेंत २०१५ च्या शिक्षण-कायद्यानें पुराव्याच्या चार पायऱ्या ठरविल्या. सर्वांत वरच्या पायरीस काटेकोर तुलनात्मक प्रयोग लागतो. सर्वांत खालच्या पायरीवर संशोधनाशीं सुसंगत असा तर्क दाखविला आणि पुढें तपासणी करण्याचें मान्य केलें कीं काम होतें. अशा पळवाटा आमच्या प्रकाशकांस कोणीं शिकविण्याची गरज नाहीं!

आम्ही मागतों तें थोडकें आहे. प्रस्तावनेंत गुरुजनांचे आभार मानण्यापूर्वीं लेखकानें चार ओळी लिहाव्या: पुस्तक किती मुलांस दिलें, कोणत्या शाळांत, तुलना कशाशीं केली, आणि त्यावरून कोणता धडा बदलला. लहान प्रकाशक खर्चाची सबब सांगतील. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु नांदेड येथें १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शिक्षणशास्त्राचे संशोधक प्रबंधास विषय शोधीत असतात. त्यांजकडे हें काम सोपवितां येईल. मात्र शाळा निवडतांना शहरांतल्याच निवडूं नयेत. किनवटच्या डोंगरांतील कोलामी-गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गांत जें पुस्तक तपासलें नाहीं, त्याच्या मलपृष्ठावर तसें स्पष्ट छापावें.