नेवाशाचा खांब : नाव आणि काम

दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संग्रहाला नाव देणारा लेख नेवाशाच्या खांबावर आहे. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला, अशी परंपरा. दुर्गाबाईंना त्या दगडात अवकाश दिसला. मी वास्तुविशारद, मला त्यावरून उतरलेला भार दिसतो. मूळ देऊळ गेले, खांब छताविना मोकळा झाला. त्यावरच्या शिलालेखात अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे; बांधणाऱ्याचे नाव नाही.

आमचे दुखणे इतके जुने. कोनशिलेवर पाहुण्यांचे नाव येते, आराखडा करणाऱ्याचे क्वचितच. १९७२चा वास्तुविशारद कायदाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानुसार, आमच्या उपाधीला संरक्षण देतो, कामाला नाही. नेवाशात नेमके उलटे घडले : नाव गेले, काम उरले.

तरी अनामिकतेचे गोडवे मी गाणार नाही. छत गळले तर जाब कुणाला विचारायचा, हे नावामुळेच कळते. पण ‘पैस’ने मला एक कसोटी दिली : भिंती कुणी उभारल्या हे विचारण्याआधी, तिथे कुणाला निवांत पाठ टेकता येते का, हे पाहावे.