सरकार नव्हतं, मग कर कुठून आला?

बाजाराला सरकारची गरजच नाही, पोलीस आणि कोर्टसुद्धा खाजगी चालतील, असं म्हणणाऱ्या लिबर्टेरियन मंडळींचा आवडता पुरावा म्हणजे मध्ययुगीन आइसलँड. डेव्हिड फ्रीडमन यांनी 1979 च्या पेपरमध्ये तो व्यवस्थित मांडला. (मिल्टन फ्रीडमन यांचे चिरंजीव, पण पीएचडी भौतिकशास्त्रातली. सायन्सवाल्यांना पेपर जड जाणार नाही.)

केस खरंच भारी आहे. 930 च्या सुमारास आल्थिंग ही सभा सुरू झाली आणि 1262-64 मध्ये देश नॉर्वेच्या राजाकडे गेला. मधली तीनशे वर्षं राजा नाही, पोलीस नाहीत. कोणी तुमच्या भावाला मारलं तर खटला तुम्हीच भरायचा, भरपाईही तुम्हीच वसूल करायची. तेवढी ताकद नसेल तर दाव्याचा हक्क एखाद्या वजनदार माणसाला देऊन टाकायचा. सरदारकी ही चक्क मालमत्ता, विकत मिळायची. सरदार पटला नाही तर शेतकरी दुसरा धरू शकायचा.

आता संशोधक म्हणून विचारू: यात नेमकी कशाची चाचणी झाली?

कायदे आल्थिंगमध्ये व्हायचे आणि ते सगळ्यांना लागू असायचे. कोर्टंही तिथलीच. नव्हती ती फक्त अंमलबजावणी करणारी यंत्रणा. म्हणजे ‘समान कायद्याखाली खाजगी वसुली’ चालते का, एवढंच इथे दिसतं. ‘सरकारशिवाय बाजार’ हा दावा त्याहून खूप मोठा आहे. शिवाय सरदारक्यांची संख्या कायद्यानेच ठरलेली: आधी 36, साधारण 965 नंतर 39. असलेली विकत घ्या, पण नवं दुकान उघडायचं नाही! हा मुक्त बाजार कसला, ही तर परमिटं झाली. 13 व्या शतकात त्यातली बहुतेक मोजक्या घराण्यांच्या हातात गेली आणि त्यांच्या लढायांतच व्यवस्था कोसळली.

यावर समर्थकांचं एक उत्तर असतं: बिघाड 1097 च्या सुमारास आलेल्या चर्चच्या दशांश करामुळे झाला. चर्चच्या जमिनी सरदारांच्या ताब्यात, त्यामुळे कराचा वाटा आयताच त्यांच्या खिशात, आणि शेतकरी सोडून गेला तरी तो थांबत नाही. मुद्दा चांगला आहे. पण हा कर मंजूर कोणी केला? त्याच आल्थिंगने. पडझड झाली की ती सभा ‘सरकार’, आणि आधीची तीनशे वर्षं मोजताना मात्र सरकार नव्हतंच, असं कसं चालेल?

पेपर वाचाच. वाचताना शेजारी कागदावर दोन रकाने करा: सरदार काय पुरवत होते आणि आल्थिंग काय.