पाहून झालं, आता खायचं कुठं?

चित्रं, शिल्पं आणि जुनी भांडी पाहिली की मला भूक लागते. हे मी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही. देवळात भूक लागली तर तिला प्रसादाची ओढ म्हणता येतं; लग्नात लागली तर तो आहेराचा परतावा असतो. पण वस्तुसंग्रहालयात, एखाद्या शांत चेहऱ्याच्या विष्णूसमोर उभं असताना आपल्या पोटातून गुरगुर ऐकू आली, की शेजारचे गृहस्थ असे बघतात, जणू त्या मूर्तीचं नाक आपणच फोडलं.

वास्तविक यात माझा दोष थोडा आहे. संग्रहालय ही मुळात चालायची जागा. या दालनातून त्या दालनात, वर-खाली, पुन्हा चुकून त्याच दालनात. शेतावर एवढी पायपीट केली तर घरून भाकरी येते. इथे पहारेकरी येतो नि म्हणतो, 'काचेला हात लावू नका.'

म्हणून गेली चाळीसेक वर्षं मी संग्रहालयांच्या आसपासच्या खाद्यगृहांचा अभ्यास करत आलो आहे. आतल्या वस्तूंवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत; बाहेरच्या वस्तूंवर कुणी लिहीत नाही. माझा अधिकार विचाराल तर मी एका शाळेतला निवृत्त कारकून. शाळा चामोर्शीकडची, घर चंद्रपूरला. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला वाघ दाखवायचा असतो, चित्र नव्हे. तेव्हा कलेसाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि एवढा प्रवास केल्यावर उपाशी राहणं मला शास्त्रसंमत वाटत नाही.

पहिला अनुभव नागपूरचा. साल १९७९. गडचिरोली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं २६ ऑगस्ट १९८२ ला. शाळेची सहल अजब बंगल्यात न्यायची ठरली. कागदोपत्री त्याचं नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३ ची. पण ते नाव घेऊन रिक्षा केली तर रिक्षावाला आपल्यालाच अजब समजतो. बरोबर आमचे चित्रकलेचे मास्तर, चाळीस मुलं, चाळीस चित्रकलेच्या वह्या आणि सहलीच्या पैशांची पिशवी सांभाळायला मी.

मुलांनी वह्या उघडल्या त्या पेंढा भरलेल्या जनावरांपुढे. ज्या मुलांच्या गावात संध्याकाळी वाघाच्या भीतीनं दारं लागत, ती मुलं काचेतलं जनावर तासभर चितारत बसली. मास्तर कपाळाला हात लावून पुढं गेले. आदिवासी जीवनाच्या दालनात एका पोरानं माझी बाही ओढली. समोर काचेआड वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा होता, पाणी न्यायचा.

"हा आमच्या घरी आहे ना जी," तो म्हणाला. "आमच्या आईचा याच्याहून मोठा आहे."

मी म्हणालो, "चल पुढं, रांग मोडू नको." कारकुनाकडून याहून अधिक रसग्रहणाची अपेक्षा करू नये.

बाहेर पडल्यावर एका हातगाडीवर तर्री-पोहे घेतले. ज्यांनी ते खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खाली साधे, सज्जन, पुण्याच्या माणसालाही ओळखू येतील असे पोहे. त्यावर काळ्या हरभऱ्यांचा लालभडक रस्सा, म्हणजे तर्री. वरून कांदा, थोडा चिवडा, सांबार आणि लिंबाची फोड. (सांबार म्हणजे कोथिंबीर. ते इडलीबरोबरचं सांबार वेगळं. या एका शब्दापायी विदर्भाबाहेरच्या भाजीबाजारात माझा अनेकदा अपमान झाला आहे.) पहिल्या घासाला कान तापतात, दुसऱ्याला नाक वाहू लागतं आणि तिसऱ्यापासून माणूस खरं बोलायला लागतो. आज कस्तुरचंद पार्काच्या बाजूला तर्री-पोह्यांची एवढी ख्याती आहे, की अजब बंगला पाहायला आलेला माणूस आधी तिकडे वळला तर नवल नाही.

तर पोहे खाता खाता मास्तरांनी मुलांना विचारलं, "सगळ्यात चांगलं काय पाहिलं?" वाघ, वाघ, वाघ, मगर, असं चाललं होतं. तेवढ्यात ते पोरगं म्हणालं, "तुंबा." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. तर्रीनं डोळ्यांत पाणी आलेलं, तशातच ते बोलायला लागले. तुंब्याला चाक लागत नाही, भट्टी लागत नाही. वेलावर वाढतानाच त्याचा आकार ठरतो. माणूस फक्त आतला गर काढतो. मग गळ्याशी केवढा बारीक नि पोटाशी केवढा गोल हे पाहिलंत का, असा आकार कुंभाराला फिरत्या चाकावर काढायचा तर किती वर्षं जातील? ते पाच-सात मिनिटं बोलले असतील. पोरं घास हातात धरून ऐकत होती. त्या मुलानं प्लेट खाली ठेवली, वही काढली नि म्हणाला, "सर, मी परत जाऊन काढून येऊ का?"

आणि इथे माझा गुन्हा आहे. पैशांची पिशवी माझ्याजवळ. मी सगळ्यांसाठी दुसरी प्लेट सांगून बसलो होतो. ती यायला वेळ, खायला वेळ, चाळीस जणांचे हात धुवायला वेळ. घड्याळ पाहिलं तर एस.टी.ची वेळ भरत आली होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी काढ." पुढच्या वर्षी सहल भद्रावतीला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत नव्हता.

त्या तर्रीला मी पैकीच्या पैकी गुण देतो. दुसऱ्या प्लेटला शून्य.

तेव्हापासून माझी परीक्षेची पद्धत बदलली. पदार्थ चांगला असावा हे तर झालंच. पण खाऊन उठल्यावर पावलं पुन्हा आत वळतात की स्टँडकडे, हे मी आता पाहतो.

या कसोटीवर सर्वांत वर बसलं ते मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार'. गॅलरी १९५२ ची, समोवार उषा खन्नांनी १९६४ साली सुरू केलेलं. मी नि मास्तर १९८४ मध्ये गेलो. जागा म्हणजे रेल्वेचा डबा: लांब, अरुंद, आणि एका बाजूला शेजारच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची हिरवळ. सगळीकडे दाढ्या. दाढीशिवाय आम्ही दोघंच. मास्तर एवढे बावरले की वेटरला 'सर' म्हणाले.

आम्ही पुदिन्याचा चहा नि पराठे मागवले. पुदिना चटणीत जातो एवढंच आमचं तोवरचं ज्ञान. चहात तो बरा लागतो हे मुंबईनं शिकवलं. पण मोठी गोष्ट ती नव्हे. चहा संपून पाऊण तास झाला तरी कुणी 'आणखी काय?' असं त्या खास सुरात विचारलं नाही. तो सूर तुम्हांला माहीत असेल. त्याचा अर्थ 'उठा' असा असतो. मास्तरांना धीर आला. त्यांनी वेटरला विचारलं, "भाऊ, आतलं कोणतं चित्र चांगलं आहे?" तो कपबशा उचलता उचलता म्हणाला, "ते निळं मोठं बघितलं? लोक त्याच्यासमोरून आले की गप्प बसतात." एवढं थोडक्यात नि एवढं चोख कलासमीक्षण मी नंतर कधी ऐकलं नाही. आम्ही आत गेलो. निळ्यासमोर उभे राहिलो. परत येऊन दुसरा चहा घेतला, आणि खरोखरच बराच वेळ गप्प बसलो.

समोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. मास्तर त्याआधीच गेले, हे एका अर्थी बरं.

त्याच काळा घोडा परिसरात 'वेसाइड इन' होतं. अरुण कोलटकर तिथं खिडकीशी बसत नि बाहेरचा चौक न्याहाळत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आम्ही त्या दारावरून गेलो असू, पण खिडकीत कवी बसलेला असतो हे कारकुनाला कोण सांगणार? त्यांचं 'काळा घोडा पोएम्स' २००४ साली आलं. त्यात एक लांबलचक मालिका आहे ती न्याहारीवर. बड्या उपाहारगृहातल्या नव्हे. चौकात इडल्या घेऊन येणारी बाई नि तिच्याभोवती जमणारी फुटपाथवरची माणसं यांच्या न्याहारीवर. शंभर पावलांवर एवढी मोठी संग्रहालयं असताना कवीनं पाहिली ती इडली. मला यात फार मोठा आधार वाटतो. वेसाइड इनही आता नाही. घोड्याचं तर विचारूच नका: पुतळा १९६५ साली हलवला, नवा घोडा आला २०१७ मध्ये, म्हणजे बावन्न वर्षं त्या चौकानं नुसत्या नावावर काढली. 'चेतना' मात्र १९४६ पासून तिथं आहे आणि थाळी वाढते. थाळीला माझा विरोध नाही. पण पोटभर थाळीनंतर माणसाला कला दिसत नाही, पलंग दिसतो.

अलीकडे त्याच भागात एका कॉफीच्या दुकानात गेलो होतो. नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलं असं नाही, चूक माझ्या पेन्शनची. दरपत्रक पाहून आमच्या हिनं पिशवीतला डबा चाचपला. पाच मिनिटांनी आम्ही फुटपाथवर उभ्याउभ्या सांबारवडी खात होतो. ती उत्तम होती, घरचीच होती. पण उभं राहून पाहिलेल्याबद्दल उभ्याउभ्याच काय बोलणार? आम्ही खाल्लं, हात पुसले नि टॅक्सी केली.

इंग्रज या बाबतीत निदान स्पष्ट होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, १८६० च्या दशकातच खास फराळाच्या खोल्या बांधल्या. एकीची सजावट दस्तुरखुद्द विल्यम मॉरिस यांच्याकडे दिली. संग्रहालयात खाण्याची सोय असावी हे जगात पहिल्यांदा तिथं सुचलं असं मानतात. आणि लगोलग पहिल्या वर्गाचं जेवण वेगळं, दुसऱ्या वर्गाचं वेगळं! आगगाडीसारखं. आपल्याकडे तसं कुणी लिहून लावत नाही. दरपत्रक वाचलं की आपला वर्ग आपल्याला कळतो.

आता घरचं. आमच्याकडे संग्रहालय नाही असं मी वर म्हणालो, ते पूर्ण खरं नव्हे. मार्कंडा आहे. चामोर्शीजवळ वैनगंगा एकाएकी उत्तरेकडे वळते, तिथं काठावर दगडी मंदिरांचा समूह. बाहेरच्या भिंतींवर एवढ्या मूर्ती, की विदर्भाचं खजुराहो म्हणायची रीत पडली आहे. कनिंगहॅमसाहेब १८७३-७४ च्या दौऱ्यात इथं येऊन गेले. साहेबाबरोबर खानसामा असणार; त्यामुळे आमचा प्रश्न त्यांना पडला नसावा. महाशिवरात्रीच्या जत्रेत इथं खाण्याची ददात नाही. पण जत्रेत मूर्ती दिसत नाहीत, माणसांच्या पाठी दिसतात. एरवी मूर्ती दिसतात आणि खायला चहा, बिस्किटं नि आलुबोंडा.

मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेलो. ती पुण्याला शिकते. तिनं अर्ध्या तासात भिंतीच्या भिंती मोबाइलमध्ये भरून घेतल्या नि म्हणाली, "आजोबा, झालं." दुपारचे तीन. बस साडेचारला. आम्ही बाहेर एका टपरीवर बसलो. आलुबोंडा सकाळचा होता. त्याला शंभरपैकी पस्तीस, तेही ओळखीमुळे. चहा मात्र आल्याचा नि कडक.

टपरीवाल्या मावशीनं नातीला विचारलं, "पाहिलं का जी सारं?"

"हो, पाहिलं."

"मंग काहीच नाही पाहिलं," मावशी म्हणाली. "आत्ता ऊन डोक्यावरून आलं. ते उतरू द्या. पश्चिमेच्या भितीवर आडवं ऊन पडलं का मंग पाहा. बाया जित्या होतेत."

नातीनं मोबाइल काढून मघाचे फोटो पाहिले. बोटांनी मोठे केले, लहान केले. मग मावशीला विचारलं, "किती वाजता?"

"पाच वाजून जातेत."

मी पुढचा चहा सांगितला. मावशीनं तो करायला अजिबात घाई केली नाही. साडेचारची बस आमच्या देखत आली, पाच-सहा माणसं चढली नि धूळ उडवत गेली.

"आजोबा, बस गेली," नात म्हणाली. "आता?"

मी म्हटलं, "चहा पी. मग आत."